उभ्या ट्रॅक्टरचा गंज

जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन जाम झालं की दोष वयाला दिला जातो. 'आता काढा भंगारात' हा निकाल हेड उघडण्याआधीच लागलेला असतो. पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातल्या ट्रॅक्टरचा गेल्या साठेक वर्षांचा मागोवा घेतला, तर हा निकाल घाईचा वाटतो. गंजून जाम झालेलं इंजिन बहुतेक वेळा कामानं झिजून गेलेलं नसतं, ते उभं राहून गेलेलं असतं. हे एकदा मान्य केलं की ते सोडवण्याची रीतही बदलते आणि त्याची किंमतही वेगळी ठरते.

या पट्ट्यातलंच एक उदाहरण म्हणजे बपेरा, भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातलं, मध्य प्रदेशच्या सीमेजवळचं गाव. ही सीमा तशी अलीकडची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यं बदलली तोवर भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातच होता आणि त्याआधी मध्य प्रांतात. त्या जुन्या प्रांतात ट्रॅक्टर आला तो शेतकऱ्याचा म्हणून नव्हे, तर सरकारचा म्हणून. सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशननं दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्करानं मागे ठेवलेली साखळीची यंत्रं कामाला लावली आणि १९४९ मध्ये जागतिक बँकेकडून मिळालेल्या १ कोटी डॉलरच्या कर्जातून आणखी यंत्रं आणली. काम होतं काळ्या जमिनीत खोल रुतलेलं कांस गवत उपटण्याचं. धानाच्या बांधीत त्या धुडांचा काही उपयोग नव्हता. इथली चिखलणी हेल्यांच्याच मानेवर राहिली. शेतकऱ्याला पेलेल असा ट्रॅक्टर देशात बनू लागला तो पुढच्या अडीच दशकांत. १९५९ मध्ये फरिदाबादला आयशर, १९६५ मध्ये मुंबईत इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीचा ३५ अश्वशक्तीचा बी-२७५, १९७१ मध्ये पिंजोरला झेटरच्या नमुन्यावरचा दोन सिलिंडरचा एचएमटी, १९७४ मध्ये मोहालीचा स्वराज. आज कोठ्यामागे उभा असलेला 'जुना ट्रॅक्टर' बहुधा याच घराण्यांतला.

या यंत्रांचा हिशेब ज्या गृहीतावर मांडला जातो ते धानपट्ट्याला कधीच लागू पडलं नाही. कृषी अभियांत्रिकीत ट्रॅक्टरचं आयुष्य साधारण १०,००० तासांचं, म्हणजे वर्षाला १,००० तासांप्रमाणे दहा वर्षांचं धरतात. २०१५-१६ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर निघाली. एवढ्या शेतीवर हजार तास भरतील कुठून? पऱ्हे तयार झाले की चिखलणीची झुंबड उडते, लोखंडी चाकं लावलेला ट्रॅक्टर रात्री दिवे लावूनही बांधीत फिरतो; रोवणी आटोपली की त्याला थेट मळणीपर्यंत फारसं काम नसतं. ज्याच्याकडे ट्रॉलीचं भाडं आहे, धान केंद्रावर पोचवायचं आहे, विटा-रेती वाहायची आहे, त्याचं इंजिन बारमाही फिरत राहतं. ज्याच्याकडे नाही, त्याचा ट्रॅक्टर ऐन श्रावण-भाद्रपदात, हवा सर्वांत दमट असताना, चिखल अंगावर घेऊन उभा असतो. भंडारा जिल्ह्यात वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक पावसाळ्याच्या चार महिन्यांत.

आता उभ्या इंजिनाच्या आत काय होतं ते जवळून पाहू, कारण सगळा मुद्दा त्यावर टेकलेला आहे. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो, त्याला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही. गंजतात त्या त्याच्या खाचांतल्या बिडाच्या रिंगा आणि समोरची लायनरची भिंत. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. रिंग आणि लायनर यांच्यात केसाएवढीही फट नसते, तिथे तो पाचरीसारखा बसतो. चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात, ते कुठेही थांबलं तरी, कुठला ना कुठला सिलिंडर धूर बाहेर टाकण्याच्या टप्प्यात असतो. त्याचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. त्यात सायलेन्सरचं तोंड बॉनेटवरून सरळ आभाळाकडे. पावसाचं पाणी मॅनिफोल्डमध्ये उतरतं आणि उघड्या व्हॉल्व्हमधून त्या एका सिलिंडरमध्ये शिरतं. बाकीचे तीन कोरडे आणि धड असू शकतात, पण क्रँक एकच असल्यामुळे एकानं धरलं की चारही अडतात. म्हणजे 'इंजिन जाम' या मोठ्या शब्दामागे पुष्कळदा एकाच सिलिंडरमधल्या तीन-चार रिंगा असतात. सायलेन्सरवर रिकामा डबा पालथा घालायची पद्धत कुणी सुरू केली कोण जाणे, पण या यंत्राच्या आयुष्यातली ती सर्वांत स्वस्त दुरुस्ती म्हणायला हवी.

जुन्या काळात या गंजाला डिझेलचीही साथ होती. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडच्या डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत गंधक चालत असे. ते जळून उरलेले वायू थंड इंजिनातल्या दवात विरले की गंधकाम्ल बनतं, आणि लायनर नुसता गंजत नाही, खाल्ला जातो. दिवसभर तापून चालणाऱ्या इंजिनाला याचा त्रास कमी. खरी झळ लागते ती शेड बदलायला पाच मिनिटं सुरू करून पुन्हा बंद केलेल्याला. १ एप्रिल २०२० पासून डिझेलमधलं गंधक दहा लाखांत १० भागांवर आलं आहे. त्यामुळे एक शत्रू गेला. पाणी आणि हवा मात्र होती तिथेच आहेत.

कारण हे असेल, तर उपाय जोराचा असू शकत नाही. तरी पहिला हात जातो तो जोराकडेच: गिअर टाकायचा, दुसऱ्या ट्रॅक्टरला साखळी बांधायची आणि ओढायचं. चाकांकडून गिअरमधून येणारा तो रेटा प्रचंड असतो. अडकलेल्या रिंगा सुटण्याऐवजी तुटतात, पिस्टनच्या खाचांच्या कडा उडतात, कनेक्टिंग रॉड वाकतो. सिलिंडरमध्ये पाणी भरलेलं असेल तर ते दाबलं जात नाही, आणि रॉडचं वाकणं ठरलेलंच. जो लायनर घासून पुन्हा कामाला आला असता त्याच्या जागी आता अख्खं इंजिन उतरवायचं. शहाणा मिस्त्री आधी नोझल काढतो, आत साचलेलं पाणी ओढून घेतो, त्या भोकांतून डिझेल आणि पातळ ऑइल सोडतो आणि निघून जातो. दोन दिवसांनी पुन्हा थोडं. मग फ्लायव्हीलच्या दात्यांत पहार लावून पुढे केसभर, मागे केसभर. केवळ पुढे रेटायचं नाही, कारण मागे घेताना तेलाला नवी जागा मिळते. तरीही हललं नाही तर हेड काढायचं, कुठल्या सिलिंडरनं धरलंय ते डोळ्यांनी पाहायचं आणि लाकडाचा ठोकळा ठेवून बेतानं ठोकायचं. इंजिन फिरू लागल्यावर जुनं ऑइल आणि फिल्टर बदलल्याशिवाय सेल मारायचा नाही, हेही तितकंच खरं. सुटलेला गंज आता ऑइलमध्ये आलेला असतो.

यावर पहिला आक्षेप असा की प्रत्येक जाम इंजिन गंजानंच जाम झालेलं नसतं. बरोबर आहे. रेडिएटर कोरडा पडून किंवा ऑइल संपून तापलेल्या इंजिनात पिस्टनचं ॲल्युमिनियम लायनरला चिकटतं, आणि तिथे महिनाभर तेल मुरवूनही फरक पडत नाही. पण हा भेद कळायला फार विद्या लागत नाही. चालता चालता थांबलं ते तापून, उभ्या उभ्या अडकलं ते गंजून. हा एक प्रश्न न विचारता दोघांना एकच औषध दिलं जातं, हीच तक्रार आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ढग उतरले आहेत, पऱ्हे वाढताहेत, अशा वेळी पंधरा दिवस तेल मुरवत बसायला कुणाला सवड? नाहीच. पण इंजिन जुलैत जाम झालेलं नसतं. ते जाम असल्याचं जुलैत कळतं. गंज धरला तो आदल्या पावसाळ्यात, आणि मधले कित्येक महिने कुणी फ्लायव्हील हलवून पाहिलेलं नाही. महिन्यातून एकदा ऑइल आणि पाणी पुरतं तापेस्तोवर इंजिन चालवणं हा खर्च एखाद्या लिटर डिझेलचा. सवड नाही हे म्हणणं जुलैपुरतं खरं आहे, फेब्रुवारीपुरतं नाही.

हल्ली विजेनं गंज काढायची युक्ती बरीच बोलली जाते: धुण्याच्या सोड्याचं पाणी, बॅटरी चार्जर, ऋण टोक गंजलेल्या वस्तूला आणि धन टोक लोखंडाच्या तुकड्याला. लोखंडी चाकं, हिच, नांगराचे भाग यांसाठी ती खरोखर उत्तम, मोकळ्या हवेत केली तर, कारण तिच्यात हायड्रोजन सुटतो. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नये, क्रोमियमचं विषारी पाणी तयार होतं. इंजिनात पिस्टन असताना मात्र हा प्रयोग नकोच. सोड्याचं पाणी ॲल्युमिनियम खातं.

उरला पैशाचा प्रश्न, आणि तिथे जुन्या यंत्राच्या बाजूनं सरसकट बोलता येत नाही. पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. एचएमटीचा एखादा भाग आता शोधूनच काढावा लागतो. लायनरला खड्डे पडले असतील तर लेथवाल्याची पायरी चुकत नाही. पण तुलना कशाशी करायची ते आधी ठरवावं. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरना उत्सर्जनाचे कडक निकष आले आणि त्यांच्याबरोबर सेन्सर, संगणक, उच्च दाबाची इंधनवाहिनी आली. त्या इंजिनांतही रिंगा बिडाच्या किंवा पोलादाच्याच असतात आणि त्यांचाही एखादा व्हॉल्व्ह उभं असताना उघडा राहतो. फरक इतकाच, की गावातला मिस्त्री जुन्या इंजिनाचं नोझल पान्यानं काढू शकतो, आणि नव्याच्या इंधनवाहिनीला हात लावण्याआधी त्याला तुमसर-भंडाऱ्याच्या सर्व्हिस सेंटरला फोन करावा लागतो.