होजिअरी कापडाला टाका कोणता घालावा?

हौसेने घरी टी-शर्ट शिवावा, मुलाने तो डोक्यातून ओढावा आणि गळ्यापाशी 'टर्र' आवाज व्हावा, असे पुष्कळ घरी घडते. दोष दोऱ्याला दिला जातो. खरे पाहता कापड ताणले गेले, पण टीप ताणली गेली नाही, म्हणून दोरा तुटला.

साधे कापड उभ्या-आडव्या धाग्यांचे असते. होजिअरी मात्र स्वेटरसारखी फासात फास अडकवून विणलेली असते. ओढले की फास लांबतात, सोडले की मिटतात. सरळ टिपेत दोरा एका रेषेत बसतो, त्याला लांबायला जागाच नसते. नागमोडी म्हणजे झिगझॅग टाक्यात जास्तीचा दोरा असतो, तो कापडाबरोबर लांबतो.

कोठे कोणता टाका?

गळा, कंबर, बाही व बगल येथे ताण जास्त, म्हणून तेथे झिगझॅग टाकाच हवा. जोडाला रुंदी सुमारे १ मि.मी. व लांबी २.५ मि.मी. ठेवावी. खालच्या दुमडीला रुंदी ३ मि.मी. करावी. टाके फार दाट घातले तर काठ लहरी होतो. खांद्याचे मात्र उलट आहे. तो ताणून ओघळू नये, म्हणून तेथे सुती फीत ठेवून सरळ टीप मारावी.

गावात साडीला पिको करणाऱ्या भगिनीकडे झिगझॅगचे यंत्र असते. तिच्याकडून एवढे जोड मारून घेता येतील.

घरी साधेच यंत्र असेल तर

पॉलिस्टर दोरा घ्यावा, टाका २ मि.मी.पर्यंत बारीक करावा आणि दोऱ्याचा ताण किंचित सैल ठेवावा. शिवताना कापड पुढून-मागून हलके ताणून धरावे, पण खेचू नये. पहिल्या टिपेशेजारी ३ मि.मी.वर दुसरी टीप मारावी. हाताने शिवायचे झाल्यास धावदोरा नको, उलटी टीप घालावी व टाका घट्ट ओढू नये.

सुई विसरू नका

टोकदार सुईने फास तुटतो आणि भोक पसरत जाते. गोल टोकाची, बॉलपॉइंट नावाची सुई फास बाजूला सारून आत जाते. बनियनच्या पातळ कापडाला ११ नंबर, जाड कापडाला १४ नंबर घ्यावी.

आधी परीक्षा, मग शिवण

सुती होजिअरी आटते, म्हणून बेतण्यापूर्वी कापड धुऊन वाळवावे. मग उरलेल्या तुकड्यावर १० सें.मी. टीप मारून ती दोन्ही हातांनी ओढावी. कापड पूर्ण ताणले तरी दोरा तुटला नाही, तर टाका बरोबर आहे. तुटला, तर टाका किंवा दोऱ्याचा ताण बदलून पुन्हा पाहावे. दुसऱ्यांचे कपडे शिवून चार पैसे मिळवणाऱ्या भगिनींनी तर ही परीक्षा कधीच चुकवू नये. उसवलेला एक गळा गिऱ्हाईक वर्षभर विसरत नाही.