अंदाज चुकला, हे कळायला हवं

रात्रपाळीत निवासी डॉक्टरांच्या खोलीत चहा आला, की गप्पा बहुधा क्रिकेटच्या होतात. मागच्या महिन्यात मात्र त्या एका अमेरिकी टीव्ही कार्यक्रमावर गेल्या. कुणीतरी मोबाइलवर त्याच्या एका जुन्या एपिसोडची चित्रफीत लावली होती आणि माझ्या युनिटमधले तिघं तावातावानं भांडत होते. एकीचं म्हणणं होतं, हा निव्वळ योगायोग. दुसरा म्हणाला, ‘सर, सरळसरळ कॉपी आहे ही.’ तिसऱ्याच्या मते त्या माणसानं अभ्यास केला होता. २००८ सालच्या त्या एपिसोडवरून अमेरिकेतले चाहतेही इतकी वर्षं हाच वाद घालत आले आहेत. त्या वादाचा आणि आमच्या ओपीडीचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. संबंध आहे आणि बराच जवळचा आहे.

कार्यक्रमाचं नाव ‘द प्राइस इज राइट’. सध्याच्या स्वरूपात तो ४ सप्टेंबर १९७२ पासून सीबीएस वाहिनीवर सुरू आहे. बॉब बार्कर यांनी २००७ पर्यंत तो चालवला आणि त्यानंतर ड्रू केरी चालवत आहेत. खेळ साधा आहे. समोर वस्तू ठेवतात आणि तिची किंमत ओळखायची असते. पहिल्या फेरीत चार स्पर्धक एकामागून एक आकडा सांगतात. खऱ्या किमतीच्या सर्वांत जवळ असेल तो जिंकतो, पण किमतीपेक्षा जास्त बोललेला बाद. शेवटच्या फेरीत दोघं उरतात आणि प्रत्येकाला बऱ्याच वस्तूंच्या संचाची एकूण किंमत सांगायची असते. इथेही जास्त बोललं की बाद. विजेत्याचा आकडा खऱ्या किमतीपेक्षा फार तर २५० डॉलरनं कमी असेल, तर त्याला दोन्ही संच मिळतात. समोरचे प्रेक्षक आरडाओरडा करून आकडे सुचवत असतात आणि त्याला बंदी नाही.

१६ डिसेंबर २००८ रोजी दाखवलेल्या भागात टेरी कनीस नावाचे गृहस्थ शेवटच्या फेरीत पोचले. त्यांच्या वाट्याला आलेल्या संचात कॅराओके यंत्र, पूल खेळायचं टेबल आणि गाडीमागे जोडून न्यायचं सतरा फुटी फिरतं घर होतं. त्यांनी आकडा सांगितला, २३,७४३ डॉलर. खरी किंमतही २३,७४३ डॉलर. एका डॉलरचाही फरक नाही. एरवी अशा क्षणी सूत्रसंचालक नाचायचाच बाकी असतो. केरी यांनी निकाल अगदी कोरड्या आवाजात जाहीर केला, कारण आकडा ऐकल्यावर चित्रीकरण थांबवून पडद्यामागे बरीच खलबतं झाली होती. कुणीतरी लबाडी केली, असा संशय होता. शेवटी बक्षिसं मात्र मिळाली.

यापुढे चाहत्यांत दोन तट पडले. कनीस यांची हकीकत अशी, की ते आणि त्यांची पत्नी कित्येक महिने हा कार्यक्रम रेकॉर्ड करून पाहत होते. त्याच त्या वस्तू त्याच किमतीला पुन्हा पुन्हा येतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. उदाहरणार्थ, ‘बिग ग्रीन एग’ नावाची चिनी मातीची शेगडी, किंमत १,१७५ डॉलर. त्या दिवशी पहिल्या फेरीत नेमकी तीच आली आणि त्यांनी तिची किंमत तंतोतंत सांगितली. शेवटच्या फेरीत त्यांनी वस्तूंची बेरीज तेवीस हजारांच्या आसपास धरली आणि पुढचे ७४३ आपल्या पिन क्रमांकावरून घेतले, असं ते सांगतात. दुसरी हकीकत टेड स्लॉसन यांची. ते गणिताचे जाणकार आणि या कार्यक्रमाचे जुने, निष्ठावान चाहते. वर्षानुवर्षं त्यांनी वस्तूंच्या किमती टिपून पाठ केल्या होत्या आणि त्या दिवशी ते प्रेक्षकांत होते. तो आकडा आपणच खालून सुचवला, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यावर २०१७ साली ‘परफेक्ट बिड’ हा माहितीपटही निघाला.

डॉक्टर म्हणून मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. कुणाचीही बाजू घ्या, ज्या डोक्यातून ती किंमत निघाली ते डोकं एकाच पद्धतीनं तयार झालं होतं. वस्तू दिसली की मनात अंदाज बांधायचा. मिनिटाभरात पडद्यावर खरी किंमत येते. आपला अंदाज किती चुकला ते पाहायचं, टिपून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एपिसोड संपल्यावर चाहते एकत्र येऊन कोण कुठे चुकलं याचा कीस पाडतात, तेव्हाही हेच चालू असतं. आपल्याला तो रिकामटेकडेपणा वाटतो, पण शिकण्याची ती फार पक्की रीत आहे.

याउलट प्रत्यक्ष खेळणारा बहुतेक स्पर्धक आयुष्यात एकदाच तिथे उभा राहतो. १९९६ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात काही अर्थतज्ज्ञांनी या स्पर्धकांच्या बोलींचा अभ्यास मांडला होता. चौथ्या क्रमांकावर बोलणाऱ्याला मोठा फायदा असतो. आधीच्या तिघांनी ७००, ८५० आणि ९०० सांगितलं असेल आणि किंमत ९०० च्या वर असावी असं त्याला वाटत असेल, तर त्यानं ९०१ म्हणावं. त्यापेक्षा चांगली चाल नाही. तरीही अनेक जण तसं करत नाहीत, भलताच आकडा सांगून बसतात. त्यांची बुद्धी कमी असते असं नाही. त्यांना सराव नसतो आणि सुधारायला दुसरी संधीही नसते.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि गॅरी क्लाइन यांचं अनुभवी माणसाच्या ‘आतल्या आवाजा’बद्दल अनेक वर्षं मतभेद होते. क्लाइन यांनी अग्निशमन दलातल्या अधिकाऱ्यांचा अभ्यास केला होता आणि त्यांना अनुभवी नजरेचं कौतुक होतं. काहनेमन यांना तज्ज्ञांच्या आत्मविश्वासाबद्दल शंका होती. २००९ साली दोघांनी मिळून एक लेख लिहिला आणि एका मुद्द्यावर त्यांचं एकमत झालं. अनुभवातून आलेल्या अंदाजावर विश्वास ठेवायचा, तर दोन अटी पुऱ्या व्हायला हव्यात. ज्या गोष्टीचा अंदाज बांधायचा तिच्यात काही नियमितपणा हवा, आणि आपला अंदाज बरोबर होता की चूक हे वेळेवर, स्पष्ट कळायला हवं. नुसती वर्षं मोजून भागत नाही.

टेरी कनीस पूर्वी टीव्हीवर हवामानाचा अंदाज सांगायचे, हा तपशील मला म्हणूनच गमतीचा वाटतो. आपण वेधशाळेची थट्टा करतो. पण अंदाजांच्या अभ्यासकांना हवामानतज्ज्ञ फार आवडतात. ‘उद्या पावसाची शक्यता सत्तर टक्के’ असं त्यांनी शंभर वेळा म्हटलं, तर सुमारे सत्तर वेळा पाऊस पडतो, असं अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसून आलं आहे. कारण उघड आहे. दुसऱ्या दिवशी खिडकी उघडली की निकाल समोर असतो.

आता डॉक्टरांकडे वळू. १९८१ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खोकल्याची तक्रार घेऊन आलेल्या दीड हजारांहून अधिक रुग्णांना तपासून, त्यांना न्यूमोनिया असण्याची शक्यता किती, हे डॉक्टरांनी आधी लिहून ठेवलं. मग छातीचे एक्स-रे काढले. डॉक्टरांना ज्यांच्याबद्दल जवळपास खात्री होती, त्यांच्यातल्याही बहुतेकांना न्यूमोनिया नव्हता. हे डॉक्टर निष्काळजी नव्हते. रोजच्या कामात आपला अंदाज पडताळून पाहण्याची वेळ त्यांच्यावर क्वचितच येत असे. खोकला बरा झालेला रुग्ण परत येत नाही. औषधानं बरा झाला की आपोआप, मुळात न्यूमोनिया होता की नव्हता, हे डॉक्टरला कळतच नाही. आपलं बरोबर होतं, असं तो धरून चालतो.

माझंच उदाहरण सांगतो. काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या शेवटी शेतात काम करणारी एक चाळिशीची बाई तापानं फणफणून वॉर्डात आली. अंगदुखी, डोकेदुखी, प्लेटलेट कमी. वॉर्डात डेंग्यूचे रुग्ण खाटांवर आणि खाली गाद्यांवरही होते. मी डेंग्यू धरला, सलाइन चालू केलं. डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आली, तरी ‘कधी कधी येते तशी’ म्हणून पुढे गेलो. तीन दिवसांत उतार पडला नाही, तेव्हा नातेवाइकांनी तिला दुसरीकडे हलवलं. माझ्या लेखी तो विषय तिथेच संपला.

पाच-सहा महिन्यांनी तिचा नवरा स्वतःचं ब्लडप्रेशर दाखवायला आला. मी सहज विचारलं, ‘घरच्यांची तब्येत कशी आहे?’ तो म्हणाला, ‘चांगली आहे साहेब. तिकडं त्यांनी काखेत एक काळी खपली शोधली. किड्याचा ताप म्हणाले. गोळ्या दिल्या, दोन दिवसांत ताप उतरला.’ मग थोडा संकोचून म्हणाला, ‘तुमास्नी सांगायला यायचं राहूनच गेलं.’

तो स्क्रब टायफस होता. गवतातल्या अगदी बारीक किड्याच्या, म्हणजे चिगर माइटच्या अळीच्या चाव्यातून हा जंतू शरीरात शिरतो. चावल्या जागी बऱ्याच जणांना सिगारेटच्या चटक्यासारखी काळी, न दुखणारी खपली दिसते. ती काख, जांघ, स्तनांखाली अशा झाकलेल्या जागी असल्यानं मुद्दाम शोधावी लागते. या आजारातही प्लेटलेट कमी होतात, म्हणून डेंग्यूशी गल्लत होते. डॉक्सिसायक्लिन हे साधं, स्वस्त औषध वेळेवर दिलं तर बहुधा दोन दिवसांत ताप उतरतो. ते मिळालं नाही तर फुप्फुसं, मूत्रपिंड, मेंदू यांना धोका होतो, रुग्ण दगावूही शकतो. मी खपली शोधली नव्हती.

तो गृहस्थ ब्लडप्रेशरसाठी आला नसता, तर माझ्या हिशेबात ती केस ‘डेंग्यू, रुग्ण इतरत्र हलवला’ अशीच राहिली असती आणि पुढच्या पावसाळ्यात मी तीच चूक आणखी आत्मविश्वासानं केली असती. त्यानंतर माझ्या युनिटमध्ये तापाचा प्रत्येक रुग्ण कपडे बाजूला करून, पडदा लावून, नीट तपासला जातो. त्यातून पुढे काही खपल्या सापडल्या. याचं श्रेय त्या नवऱ्याच्या एका वाक्याला आहे.

वैद्यकशास्त्राला हा दोष फार पूर्वीपासून ठाऊक आहे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एक पद्धत रुळवली. रुग्णाची सगळी माहिती सर्वांसमोर ठेवायची, एका डॉक्टरनं निदान सांगायचं आणि मग शवविच्छेदनात काय सापडलं ते उघड करायचं. किंमत ओळखण्याच्या खेळाचाच हा गंभीर अवतार म्हणता येईल. आपल्याकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांतही अशा सभा होतात आणि सरकारी व्यवस्थेत मातामृत्यूंचं परीक्षण होतं. पण हे सगळं मृत्यूनंतरचं. जिवंत राहिलेल्या, दुसरीकडे गेलेल्या, घरी बरं वाटलेल्या हजारोंचा निकाल आमच्यापर्यंत पोचत नाही.

शिवाय या सभांत एक गोष्ट सांभाळावी लागते. कार्यक्रमात चौघं एकमेकांचे आकडे ऐकून बोलतात, त्यामुळे पहिला आकडा पुढच्यांच्या डोक्यात रुतून बसू शकतो. काहनेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७४ साली याचा सुंदर प्रयोग मांडला होता. आधी एक चक्र फिरवून येईल तो आकडा लोकांना दाखवला आणि मग संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के आहेत, असं विचारलं. चक्रावर १० आलेल्यांचं मध्यम उत्तर २५ टक्के होतं आणि ६५ आलेल्यांचं ४५ टक्के. राउंडला मी आधी ‘डेंग्यू’ म्हटलं, की माझ्या विद्यार्थ्यांनाही डेंग्यूच दिसतो. म्हणून हल्ली सर्वांत कनिष्ठ डॉक्टरला आधी बोलायला लावतो.

तुम्ही रुग्ण किंवा नातेवाईक म्हणून यात पुष्कळ करू शकता. डॉक्टरांनी फेरतपासणीला बोलावलं असेल तर बरं वाटलं तरी जा, निदान फोन करून कळवा. ताप किती दिवसांत उतरला, हे सांगा. दुसऱ्या डॉक्टरांकडे निदान बदललं, तर ते कागद घेऊन पहिल्या डॉक्टरांना दाखवा. भांडायला गेल्यासारखं वाटेल म्हणून बहुतेक जण टाळतात. पण तुमच्यानंतर तशाच तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णाला त्याचा उपयोग होईल. जुनी फाइल, रिपोर्ट आणि औषधांच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. आणि उपचाराला अपेक्षित गुण येत नसेल तर निःसंकोच विचारा, ‘डॉक्टर, हे आणखी काय असू शकेल?’ या प्रश्नानं चांगला डॉक्टर दुखावत नाही.

त्या रात्री तिघांचा वाद मिटला नाही. चहा संपला, कॅज्युअल्टीतून फोन आला आणि तापाचा एक रुग्ण वर आला. ‘कॉपी आहे’ म्हणणारा डॉक्टर केसपेपर लिहीत होता. निदानाच्या रकान्यात त्यानं डेंग्यू लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं आणि पडदा ओढून घेतला. खपली काही सापडली नाही. पण त्यानं केसपेपरच्या कोपऱ्यात रुग्णाच्या भावाचा मोबाइल नंबर लिहून ठेवला. कशाला, असं विचारल्यावर म्हणाला, ‘पंधरा दिवसांनी फोन करून विचारतो सर, काय निघालं ते.’