बावीस भारे

संध्याकाळच्या कर्जत लोकलमधून वांगणीच्या अलीकडे डोंगरावर धूर दिसला की डब्यात कुणीतरी म्हणतंच, "वणवा लागलाय." यंदा एप्रिलमध्ये मीही तेच म्हणाले. पण हा धूर जागचा हलत नव्हता. वणवा एवढ्या शिस्तीत जळत नाही. ते डोक्यात राहिलं, म्हणून रविवारी पहाटेच वांगणीला उतरले आणि चंदेरीचा सुळका समोर ठेवून डोंगराची वाट धरली.

ठाकरवाडीच्या शिवेवर शेंदूर लावलेला वाघोबा, आणि त्याच्या वरच्या अंगाला, उतारावरच्या वरकस जमिनीत, राब भाजायची तयारी चालली होती. राब म्हणजे रोपं तयार करायची जागा. तळाला वाळलं शेण, त्यावर ऐनाचा टहाळ, मग गवत आणि पातेरा. सगळ्यांवर बारीक माती पसरत होती एक पन्नाशी उलटलेली बाई. भाकरीवर पीठ भुरभुरावं तशी, बोटांच्या फटींतून.

"माती कशाला? आग विझेल ना?"

"आग वर गेली तं काय उपेग, बाय? खाली जाया पायजे."

मग तिने वाऱ्याच्या उलट्या बाजूने, वरच्या कडेला काडी लावली. ज्वाळा नाहीच, नुसता धूर आणि तापल्या मातीचा करपट-गोडसर वास. आग इंचाइंचाने खाली सरकत होती. याच धगीने तणाचं बी मरतं, राख मातीत मिसळते. पाऊस लागला की इथे नाचणी-वरी पेरायची, रोपं वितभर झाली की उपटून उतारावर लावायची.

"एका राबाला टहाळ किती?"

"बावीस भारे."

डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर भारा, पायांखाली घसरडा मुरूम. बावीस वेळा.

या टहाळावरून सरकारशी झालेलं भांडण जुनं आहे. ठाणे-कुलाब्याच्या जंगल गाऱ्हाण्यांसाठी 1885 साली नेमलेल्या मुंबई वन आयोगापुढेही राब होताच. झाडं बोडकी होतात, ही तक्रार तेव्हाही होती, आजही आहे. ती खोटी नाही. पण बंगल्यांच्या स्कीमसाठी जेसीबी डोंगर कापतो तेव्हा तिचा आवाज एवढा चढत नाही, हेही खरं.

इथून दुसरं स्टेशन नेरळ. तिथल्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी भाताचं सगुणा राईस तंत्र उभं केलं: कायमचे गादीवाफे, त्यांवरच टोकणी, चिखलणी नाही, लावणी नाही, म्हणजे राबही नाही. मी उत्साहाने सांगायला लागले. तिने मध्येच तोडलं.

"भारे किती?"

"एकही नाही."

ती पहिल्यांदाच हसली. मान चोळत वर जंगलाकडे बघत राहिली.

"आमच्या आयेला पण बावीसच लागत. पण तवा ऐन वाडीला लागून व्हता. आता घटकाभर वर जावा लागतंय."

आकडा तोच. वाट तेवढी लांबलेली.

"तुझं ते भाताचं," ती म्हणाली. "माझी नाचणी ह्या उताराला."

एवढ्यात एका कोपऱ्यातून ज्वाळेने डोकं वर काढलं. तिने मूठभर माती टाकली, अनवाणी टाचेने दाबली, आणि आग पुन्हा खाली गेली.