लाल रेघ आणि आपले इंग्रजी

शिरगावात आमच्या घरी दर रविवारी पाच-सहा मुले इंग्रजी लिहायला येतात. आपापल्या घरातले ते पहिले पदवीधर होतील. मीही आमच्या घरातली पहिलीच. माझा निबंध तपासणारे घरात कोणी नव्हते. आज ग्रामरली, लँग्वेजटूल यांसारखी साधने मोबाइलवर आहेत आणि त्यांचा साधा वापर फुकट आहे. ती वापरावीत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रश्न आहे तो कशी वापरावीत, हा.

ही साधने अफाट इंग्रजी मजकुरावर घडवलेली असतात. कोणत्या शब्दाजवळ कोणता शब्द सहसा येतो, याचा अंदाज त्यांना त्यातून बांधता येतो. म्हणून 'आय डिड नॉट वेंट' ही चूक ती लगेच पकडतात. मराठीत 'अ', 'द' यांसारखी उपपदे नाहीत. तिथे आपण हमखास अडखळतो, आणि तिथेच यंत्राचा खरा उपयोग होतो. पण लिहिणाऱ्याला काय म्हणायचे होते, हे यंत्राला ठाऊक नसते.

एका मुलाने शिष्यवृत्तीच्या अर्जात इंग्रजीतून लिहिले, 'माझ्या आजोबांनी महारकी सोडली.' यंत्राने 'महारकी'खाली लाल रेघ ओढली आणि 'महाराष्ट्र' हा शब्द सुचवला. मुलाने तो मुकाट्याने स्वीकारला. आजोबा महाराष्ट्र सोडून गेले! महारवतन १९५८ च्या कायद्याने रद्द झाले. त्याआधीच गावाशी भांडून ते झुगारणाऱ्या माणसाची सगळी लढाई एका दुरुस्तीत पुसली गेली. यात यंत्राचा द्वेष नाही. जो शब्द पुष्कळांनी लिहिला, तो त्याला बरोबर वाटतो. आपले शब्द फार थोड्यांनी लिहिले, म्हणून ते चूक ठरतात.

म्हणून मी मुलांना एक शिस्त सांगते. शेजारच्या देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली; त्यावर आधी स्वतः दहा ओळी लिहा. मग यंत्राला दाखवा. प्रत्येक दुरुस्तीचे कारण वहीत लिहा. कारण सांगता येत नसेल तर दुरुस्ती घेऊ नका. महिन्याने वही चाळली की आपली नेहमीची चूक कोणती, ते कळते. आपला शब्द तसाच ठेवा आणि पुढे एका वाक्यात त्याचा अर्थ द्या.

कार्यकर्त्यांसाठी आणखी एक. अशा साधनात टाकलेला मजकूर बहुधा कंपनीच्या संगणकावर जातो. अत्याचाराची तक्रार तपासताना पीडितांची नावे, गाव काढून टाका. लँग्वेजटूल स्वतःच्या संगणकावर बसवूनही चालवता येते.

सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'तच इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला होता. बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ लंडनमध्ये इंग्रजीतून प्रसिद्ध केला. परक्या भाषेत त्यांनी आपलेच म्हणणे मांडले. त्या मुलाने 'महारकी' हा शब्द पुन्हा लिहिला, खाली दोन ओळींत अर्थ दिला आणि अर्ज पाठवला. लाल रेघ तशीच होती.