ट्रॉली सोडली, हुक कुठे ठेवला?
ट्रॅक्टर आणि ट्रेलरच्या जोडाविषयी कामाच्या चार गोष्टी

ट्रॅक्टर दारात असलेले आणि ट्रॅक्टरच्या कामावर पोट असलेले आपले बांधव खानदेशात कमी नाहीत. कोणी भाड्याने नांगरट करून देतो, कोणी विटा-वाळू ओढतो, कोणाचे वेल्डिंगचे दुकान आहे, तर कोणी नट-बोल्ट आणि स्पेअर पार्ट विकतो. या सर्वांच्या हाताखालून रोज जाणारी एक वस्तू म्हणजे ट्रॅक्टरच्या पाठीमागचा, ट्रॉली अडकवायचा हुक. ट्रॉली जोडलेली असते तेव्हा त्याच्याकडे थोडेफार लक्ष जाते. ट्रॉली सोडली की त्याला कोणी विचारीत नाही. आम्ही आज लिहिणार आहोत ते या रिकाम्या दिवसांतील हुकाविषयीच, कारण आमचा अनुभव असा आहे की ट्रॉलीचे अपघात पुष्कळदा याच दिवसांत पेरले जातात.

प्रथम घरचीच गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या घरच्या ट्रॅक्टरला रोटाव्हेटर लावला. हुक तसाच ठेवला, म्हटले कशाला अर्धा तास घालवायचा? दुसऱ्या दिवशी शाफ्टचे प्लास्टिकचे कव्हर हुकाला घासून फाटले आणि तिसऱ्या दिवशी शाफ्टचा क्रॉस गेला. मग चिडून, घाईघाईने, शेतातच हुक काढला. बोल्ट एका डब्यात टाकले. डबा कुठे गेला ते आजपर्यंत कळले नाही. दिवाळीनंतर कापूस जिनिंगला न्यायची वेळ आली तेव्हा भावाने दुकानात मिळाले ते साधे बोल्ट आणून हुक बसविला. तिसऱ्याच खेपेला चढावर दोन बोल्ट कापले गेले, हुक वाकडा झाला, पिन निसटली आणि भरलेली ट्रॉली मागे गेली. बांधाला लागून थांबली. मागे त्या वेळी कोणी नव्हते. पाच मिनिटांपूर्वीच शाळेची मुले सायकलींवरून त्याच चढावरून गेली होती.

गॅरेजवाल्या चाचांनी तुटलेला बोल्ट हातात घेऊन फिरविला आणि म्हणाले, "भाई, हा बोल्ट कापूस ओढताना तुटला असे तुम्ही समजता. हा मे महिन्यातच तुटला होता." त्यांचे म्हणणे आम्हाला तेव्हा लागले, पण ते खरे होते.

आता हुक काढायचा तरी का? ट्रॅक्टरच्या मागे खाली पीटीओचा दांडा असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना लिफ्टचे खालचे दोन हात आणि वर टॉप लिंक. ट्रॉलीचा हुक बहुतेक ट्रॅक्टरवर पीटीओच्या खालीच बसविलेला असतो. ट्रॉली ओढायला ती जागा उत्तम. जोड जितका खाली तितका ट्रॅक्टर स्थिर, आणि ज्यांनी कधी साखळी टॉप लिंकच्या जागी बांधून अडकलेले वाहन ओढले असेल त्यांना पुढची चाके कशी उचलली जातात हे माहीत आहे. तसे कोणी कधीही करू नये, ट्रॅक्टर मागे उलटून माणसे मेलेली आहेत. परंतु ट्रॉलीला सोयीची असलेली हीच जागा रोटाव्हेटरला अडचणीची ठरते. पीटीओ ठरलेल्या वेगाने मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. रोटाव्हेटर जमिनीत उतरविला की शाफ्टचा कोन बदलतो आणि तो हुकाच्या अगदी जवळ येतो. काही ट्रॅक्टरवर बोटभर अंतर राहते, काहींवर तेही राहत नाही. म्हणून शाफ्टवर चालणारे अवजार लावण्याआधी, इंजिन बंद ठेवून, अवजार पूर्ण खाली आणि पूर्ण वर करून हाताने शाफ्ट फिरवून पाहावा. कुठे लागत असेल तर हुक काढणे हाच उपाय. हुकाचा कोपरा गॅसने कापून जागा करणारेही आम्ही पाहिले आहेत. असा कापलेला हुक पुन्हा ट्रॉलीला लावू नये.

अवजार लावायचे नसेल तरी ट्रॅक्टर नुसता गावात फिरत असताना मागे निघालेला हुक हा अंधारात मोटारसायकलवाल्याच्या नडगीच्या उंचीला येतो. हेही कारण लहान नाही.

आमच्याकडे हुकाचे वर्ष साधारण असे जाते. एप्रिल-मे मध्ये जमीन तयार करायची, तेव्हा रोटाव्हेटर. जून-जुलैत मृगबागेची केळी लावायची, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कांदेबाग. त्यानंतर कापूस ओढायचा हंगाम. रावेर-यावलकडील आपले तडवी बांधव, सावद्याचे केळीवाले, सर्वांचेच कमी-अधिक असे चालते. म्हणजे हुक वर्षातून निदान दोन-तीन वेळा निघतो आणि बसतो. जी वस्तू वारंवार काढावी लागते तिची काढण्याची आणि ठेवण्याची पद्धत ठरलेली असावी.

काढताना ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, हँडब्रेक लावावा, चाकाला दगड द्यावा. दोन चाकी ट्रॉली असेल तर तिच्या दांड्याखाली जॅक किंवा भक्कम टेका आधी द्यावा आणि मगच पिन काढावी. दोन चाकी ट्रॉलीच्या मालाचे काही वजन हुकावर असते. माल मागे भरला असेल तर उलट होते, पिन काढताच दांडा वर उसळतो. यात जबडा फुटलेला माणूस आम्ही पाहिला आहे. म्हणून ट्रॉली शक्यतो रिकामी करूनच सोडावी. हुकाचे बोल्ट सैल करताना शेवटचे दोन बोल्ट काढण्यापूर्वी खाली लाकडी ठोकळा सरकवावा. हुक तसा एकट्याला उचलतो, पण पाठीवर झोपून छातीवर घेण्याची ती वस्तू नाही.

आता ठेवण्याचे. सर्वांत पहिले काम म्हणजे बोल्ट हुकाच्याच छिद्रांत परत घालणे आणि नट हाताने फिरवून ठेवणे. डबा नको, पिशवी नको, खिसा तर मुळीच नको. पिन आणि तिची लॉक पिन तारेने हुकालाच बांधावी. आमचे ते साधे बोल्ट आले ते केवळ हे एवढे न केल्यामुळे.

मग तारेच्या ब्रशने आणि डिझेलने हुक धुवावा. आमच्या भागातील काळी माती आणि दीपनगरच्या बाजूला उडणारी राख ग्रीसमध्ये मिसळली की ग्रीस राहत नाही, पॉलिश पेपर होतो. धुतल्यावर कोरडा करावा, आट्यांना आणि पिनला नवे ग्रीस लावावे. भुसावळचा उन्हाळा सर्वांना ठाऊक आहे, पारा ४५ अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये पातळ ग्रीस वितळून जमिनीवर येते आणि पावसाळ्यात लोखंड उघडे पडते, म्हणून जूनच्या आधी एकदा पाहून पुन्हा हात फिरवावा. हुक बारदानात गुंडाळू नये. बारदान ओल धरते आणि त्याखाली गंज बसतो. जुना ऑइलचा कपडा किंवा प्लास्टिक चालेल. जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावा आणि कुलपाच्या आत ठेवावा, कारण भंगारात त्याचे पैसे येतात हे आपल्यापेक्षा इतरांना जास्त माहीत असते.

धुतलेला हुक हातात असताना तो तपासण्याइतकी चांगली वेळ दुसरी नाही. पिनचे छिद्र गोल आहे की लांबट झाले आहे? वळणावर केसासारखी रेघ दिसते का? पिन मध्यभागी झिजून कंबर पडल्यासारखी झाली आहे का? यांपैकी काहीही असेल तर ती वस्तू बदलावी.

येथे वेल्डिंगवाल्या बंधूंना दोन शब्द. गिऱ्हाईक झिजलेली पिन घेऊन येतो आणि म्हणतो, "भाईजान, याच्यावर थोडा रॉड भरून द्या." आपण भरून देतो, ग्राइंडरने गोल करतो, पिन नव्यासारखी दिसते. परंतु चांगली पिन ही उष्णता देऊन कडक केलेल्या पोलादाची असते. वेल्डिंगच्या उष्णतेने तिचा कस जातो आणि भरावाच्या कडेला ती ठिसूळ होते. नवी दिसणारी ही पिन जुन्या झिजलेल्या पिनपेक्षा धोक्याची. असे काम नाकारल्याने दिवसाचे थोडे पैसे जातील, पण ट्रॉली सुटून कोणी दगावले तर ती पिन कोणाच्या दुकानात भरली हे गाव विसरत नाही. हुकाच्या छिद्रात पिनऐवजी सळईचा तुकडा घालून देण्याचे तर नावही काढू नये.

नट-बोल्ट विकणाऱ्यांनाही एक विनंती आहे. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा ठोकलेला असतो. पहिला ८ म्हणजे तुटण्याची ताकद, चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन. नंतरचा .८ म्हणजे त्याच्या ८० टक्के ताण येईपर्यंत बोल्ट कायमचा लांबत नाही. साधा बोल्ट ४.६ चा असतो, म्हणजे तुटण्याची ताकद निम्मी आणि लांबायला त्याहूनही लवकर तयार. दिसायला दोन्ही सारखे, जाडी तीच, आटे तेच. गिऱ्हाईकाने "ट्रॉलीच्या हुकासाठी" एवढे म्हटले तरी दुकानदाराने ४.६ चा बोल्ट काउंटरवर ठेवू नये. आमच्या भावाला तसे सांगणारा दुकानदार त्या दिवशी भेटला नाही.

हायवेवरच्या मोठ्या ट्रेलरचा मामला मात्र निराळा आहे. भुसावळवरून जाणारा सुरत-नागपूर महामार्ग पूर्वी ६ क्रमांकाचा होता, २०१० च्या नव्या क्रमांकांत तो ५३ झाला. त्यावर जे लांब ट्रेलर धावतात त्यांच्या पुढच्या इंजिनवाल्या भागाला ड्रायव्हर मंडळी हॉर्स किंवा घोडा म्हणतात. या घोड्याच्या पाठीवर जाड लोखंडी ताट असते, त्याला मागच्या बाजूने खाच असते. ट्रेलरच्या पोटाखालची किंग पिन त्या खाचेत येऊन अडकते. या ताटाचे नाव फिफ्थ व्हील, म्हणजे पाचवे चाक. गाडीला चाके दहा असोत की चौदा, नाव पाचवेच. कारण ते घोडागाडीच्या काळचे आहे. चार चाकी बग्गीचा पुढचा आस वळावा म्हणून त्यावर एक आडवे चाक बसवीत, तेच पाचवे. आपल्याकडील चार चाकी ट्रॉलीच्या पुढच्या आसावर जे टर्नटेबल असते ते या चाकाचेच भावंड होय. १९१४ साली अमेरिकेत डेट्रॉईट येथे ऑगस्ट फ्रूहाऊफ नावाच्या एका लोहाराने एका लाकूड व्यापाऱ्याची होडी फोर्ड मोटारीमागे ओढण्यासाठी गाडा करून दिला आणि त्याला सेमी-ट्रेलर म्हटले. त्या लोहाराच्या भात्यातून पुढे जगातील मोठ्या ट्रेलर कंपन्यांपैकी एक उभी राहिली.

अमेरिकेत हे फिफ्थ व्हील लहान पिकअप गाड्यांच्या हौद्यातही बसवितात, आणि तेथे ते काढून ठेवण्याची पद्धत आहे. चार पिना ओढल्या की ताट सुटते, हौदा मालासाठी मोकळा होतो. वजन बरेच असल्याने ते चाकांच्या गाड्यावर उतरवितात किंवा छताच्या कप्पीला टांगतात. आपल्या घोड्याचे ताट मात्र चेसिसला कायमचे बोल्ट केलेले असते. ते काढायचे नाही, सांभाळायचे. ट्रेलर सोडून घोडा चार दिवस उभा राहणार असेल तर ताटावरचे जुने ग्रीस खरवडून काढावे, नवे लावावे आणि वर ताडपत्री बांधावी. ब्रेकच्या हवेच्या नळ्यांची तोंडे उघडी लोंबकळू न देता त्यांच्या ठरलेल्या जागी अडकवावीत. धूळ आत गेली की ब्रेकचे दुखणे सुरू होते. किंग पिनही अधूनमधून मापावी. नेहमीची पिन नवी असताना ५०.८ मिलिमीटर जाड असते, ४९ वर आली की ती बदलायची. तिच्यावरही रॉड भरायचा नाही.

आणि ट्रेलर सोडलेला एकटा घोडा चालविणे सोपे असते असा समज आहे, तो चुकीचा आहे. मागच्या चाकांवर वजनच नसते, त्यामुळे जोरात ब्रेक मारला, त्यातून रस्ता ओला असला, की ती चाके धरीत नाहीत आणि घसरतात. तापी पुलाकडे उतरताना नव्या ड्रायव्हरांनी हे ध्यानात ठेवावे.

राहिला परत जोडण्याचा प्रश्न. ट्रेलर जोडल्यावर खाली वाकून, बॅटरीच्या उजेडात, ताट आणि ट्रेलर यांच्यात फट नाही ना आणि जबडा पिनच्या मागे बंद झाला ना हे डोळ्यांनी पाहावे. मग ट्रेलरचे ब्रेक लावून घोडा हळूच पुढे ओढून पाहावा. ट्रॅक्टरचा हुक बसविताना त्याच्याच छिद्रांतले बोल्ट काढून तेच वापरावेत, पाना पूर्ण आवळावा, पिनला लॉक पिन लावावी आणि जोडीला साखळी टाकावी. पहिली भरलेली खेप टाकून आलात की चहा पिण्याआधी पुन्हा एकदा पाना फिरवून पाहा. पहिल्या खेपेत बोल्ट थोडे बसतात. आमच्या घरी आता पाना हुकाच्या फळीवरच टांगलेला असतो.