श्रीलंकेचे २०२२ साल

कागद नाही म्हणून परीक्षा पुढे ढकलावी लागणे, ही राष्ट्राच्या दिवाळखोरीची बोलकी खूण होय. २०२२ च्या मार्चमध्ये श्रीलंकेच्या पश्चिम प्रांतात हे घडले. कागद आणि शाई मागविण्यास परकीय चलन उरले नव्हते. १२ एप्रिलला सरकारने विदेशी कर्जाची परतफेडच स्थगित केली. सप्टेंबरात कोलंबोतील महागाईचा वार्षिक दर ७० टक्क्यांच्या घरात पोहोचला.

या अरिष्टाचे सारे खापर कोरोनाच्या साथीवर फोडता येणार नाही. २०१९ च्या अखेरीस मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला गेला. २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद करण्यात आली. पहिल्या निर्णयाने तिजोरी आटली, दुसऱ्याने भातशेती. करकपात कोणाला नको असते? पण तिची किंमत अखेर ठरावीक पगारावर जगणाऱ्या शिक्षकाने आणि कारकुनाने मोजली.

कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर तरुणांनी तंबू ठोकले. त्यांत एक ग्रंथालयही थाटले. ९ जुलैला जनसमुदाय राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरला. गोटाबाया राजपक्षे परदेशी निघून गेले व १४ जुलैला त्यांनी राजीनामा दिला.

राज्यकर्ता गेला, कर्ज मात्र राहिले. सत्ताधीशाला खाली खेचण्याचे सामर्थ्य लोकांपाशी असते, परंतु त्याने काढलेले कर्ज पुढच्या पिढीच्या माथी येते. म्हणूनच अंदाजपत्रक समजून घेणे हे मतदानाइतकेच नागरिकाचे कर्तव्य आहे. ते केवळ तज्ज्ञांवर सोपवून चालणार नाही.