तागडी आणि रसायनशास्त्र

अवसरी बुद्रुकच्या मुलामुलींना विज्ञानाच्या पदवीसाठी जवळचे गाव म्हणजे मंचर. तेथील महाविद्यालयाच्या विज्ञान शाखेला तालुक्याचेच सुपुत्र हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी रसायनशास्त्र एकाएकी परके वाटू लागते. संयुजेची ‘व्हॅलेन्सी’ होते, अनुमापनाचे ‘टायट्रेशन’. पहिल्याच चाचणीत गुण घसरतात आणि ‘हा विषय आपला नव्हे’ असा निष्कर्ष तो काढून बसतो. घरूनही, मायेपोटीच, सुचविले जाते: वाणिज्य घे, दुकान आहेच.

हा निष्कर्ष घाईचा आहे. ‘मोल’ ही संकल्पनाच पाहावी. दुकानात कोणी खिळे मोजून देत नाही, तोलून देतो. एका खिळ्याचे वजन ठाऊक असले की तागडीच संख्या सांगते. रसायनशास्त्रज्ञ हेच करतो. १८ ग्रॅम पाणी तोलले की त्यात एक मोल, म्हणजे ६०२ या आकड्यापुढे २१ शून्ये इतके रेणू आले. तुरटी, नवसागर, खाण्याचा सोडा ज्याने लहानपणापासून पुड्यांत बांधले, त्याला हे शास्त्र परके कसे?

परकेपणा कधी बाहेरूनही लादला जातो. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या क्रमांकाने मिळविलेल्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांना बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. वडील आणि काका त्याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ, तरीही! कमलाबाई हटल्या नाहीत. एक वर्ष परीक्षणाधीन राहण्याची अट त्यांनी पत्करली; मार्गदर्शक श्रीनिवासय्या यांनी कसून काम करून घेतले. वर्षअखेर प्रवेश कायम झाला, पुढे इतर मुलींनाही दार उघडले. १९३९ मध्ये वनस्पतींतील ‘सायटोक्रोम सी’वरील संशोधनासाठी केंब्रिजने त्यांना पीएच.डी. दिली.

प्रत्येकाजवळ असा हट्ट नसतो. सोबत मात्र देता येते. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात १९९० च्या दशकात रसायनशास्त्रासाठी एक पद्धत रुजली: आदल्या वर्षी तोच विषय उत्तीर्ण झालेला विद्यार्थी सात-आठ जणांचा गट घेऊन दर आठवड्याला बसतो. तो उत्तरे सांगत नाही. अडलेले गणित गटाकडूनच सोडवून घेतो. आपल्यासारखेच इतरही अडखळतात, हे तेथे प्रत्येकाला दिसते.

अवसरीत यासाठी एक फळा, खडू आणि मंचरला दुसऱ्या वर्षात शिकणारा एखादा दादा किंवा ताई पुरे. जागेचा प्रश्नही मोठा नाही: दुकान बंद असते त्या दिवशी मागची खोली रिकामीच असते, आणि तेथे तागडीही असते.